चार सुताची सळई

माझं वजन किती हाय, हे माझ्या नवऱ्यानंबी मला कधी इचारलं न्हाई. तीस वर्सं संसार झाला, पन तेवढी त्याची छाती झाली न्हाई. अन् ती सुलाबाईची बबिता, काल-परवापस्तोर शेंबूड वढत फिरनारी, वही-पेन घेऊन माझ्या वसरीत आली अन् भर चार बायांत म्हनली, "केशरमावशी, तुमी किती किलो भरता?"

तुमीच सांगा, राग येईल का न्हाई? माझ्या हातात लाटनं व्हतं. पन शेजारी माझी धाकली जाऊ रुख्मिणी बसलेली, अन् तिच्या तोंडावर जे हसू फुटायलं व्हतं ते बघून म्या लाटनं खाली ठिवलं. म्हनलं, "लिही. बासष्ट."

रुख्मिणीला ठसका लागला. "काय झालं गं?" म्या इचारलं. "काई न्हाई अक्का, बडीशेप अडकली," म्हनली. मग बबितानं तिच्याकडं पेन फिरवलं, तशी ती छपराकडं बघत म्हनली, "माझं साठ लिही." आता मला ठसका लागला.

हे वजन तिला कशाला पायजे व्हतं ते सांगते. पन आधी ही बबिता कोन, ते कळल्याबिगर गंमत न्हाई कळायची.

सोनपेठच्या रस्त्याला आमच्या गावचा फाटा हाय. तिथं यष्टी थांबती त्याच्या बाजूला एक पत्र्याचं शेड, अन् शेडात निळ्या ठिनग्या उडायल्या की समजायचं बबिता कामावर हाय. वय अठ्ठावीस. बाप सिताराम, चुडाव्याला रेल्वेत गँगमन व्हता. तिचं अर्धं ल्हानपन रुळाच्या कडंला गेलं. एवढी थोरली मालगाडी धडधडत जायची अन् ही पोरगी खाली बसून रुळाचा बोल्ट बघायची. बापाला इचारायची, "एवढूसा बोल्ट, मग तुटत कसा न्हाई?" सिताराम म्हनायचा, "मला काय माहीत? मला आवळायचा पगार हाय, समजायचा न्हाई." मग तिनंच समजून घेतलं. परभणीला आयटीआयमधी वेल्डिंग शिकली, वर्गात एकटी पोरगी. दोन वर्सं मानवतला एका दुकानात गेटं अन् खिडक्या जोडल्या, अन् गावी येऊन सोताचं शेड टाकलं.

पोरगी गुनाची हाय, पन तिला एक खोड हाय. कुठंबी गेली की आधी वर बघती. लटकलेलं काई दिसलं की तिच्या जिवाला थारा न्हाई. माझ्या प्रियांकाच्या लग्नात पंगतीला बसली अन् ताट उचलून दुसरीकडं जायली. म्या म्हनलं, "अगं बाई, जेव की निवांत." तर माझ्या कानात म्हनली, "मावशी, ते वर झुंबर टांगलंय ना, त्याची तार शेताच्या कुंपनाची हाय." झुंबर काई पडलं न्हाई. पन सगळी पंगत वर बघत बघत जेवली, अन् एवढी खटपट करून केलेल्या बासुंदीचं नाव एकानंबी घेतलं न्हाई. मला अजून राग हाय त्याचा.

आबासाहेबांचा मातर राग वेगळा हाय. आबासाहेब म्हंजे गावची थोरली असामी. त्यांच्या दिवानखान्यात सागवानी झोपाळा, अन् त्याला अंगठ्याएवढ्या जाड सळया. एकदा बबिता त्यांचं गेट जोडायला गेली, सवयीनं वर बघितलं अन् म्हनली, "आबासाहेब, सळई बैलालाबी पेलंल. पन वरचा आकडा उघडा हाय. सळई तुटत न्हाई, आकडा सरळ व्हतो. कडी बंद करून घ्या." आबासाहेब म्हनले, "चालतंय की. चार पिढ्या लोखंड बघितलंय आमी." पंध्रा दिसांत आकडा सरळ झाला, अन् आबासाहेब पोह्याच्या बशीसकट फरशीवर आले. दोन महिने उशी घेऊन बसायचे, गावच्या बैठकीतबी. आता सरळ मानूस म्हनला असता की पोरगी खरं बोलली व्हती. हे म्हनायला लागले, पोरीची नजर वाईट हाय.

तर आता मूळ गोष्ट. वेशीतल्या थोरल्या लिंबाला आमच्या गावचा पंचमीचा झोका बांधायचे. माहेरवाशिनी यायच्या, दोन दोन बाया फळीवर समोरासमोर उभ्या राहून झोका घ्यायच्या, लिंबाच्या शेंड्याला पाय लावायच्या. रस्ता रुंद केला अन् लिंब गेला. दोन वर्सं पंचीम सुनी गेली. मग रुख्मिणीनं अन् म्या ठरवलं, झाड न्हाई तर लोखंडाची कमान उभी करू. एरवी आमचं दोघींचं भाजीच्या मिठावरूनबी पटत न्हाई, पन झोक्यावर पटलं. कमान करनार कोन? बबिताच.

ग्रामसभेत आबासाहेब उठले. बबिताचं शेड ग्रामपंचायतीच्या जागेत हाय, अन् त्या जागेवर त्यांच्या पुतन्याचा, परमेश्वरचा डोळा हाय, त्याला तिथं मोबाईलचं दुकान टाकायचंय, हे गावाला माहीत हाय. म्हनले, "झोका खुशाल करा. पन गावच्या लेकीबाळींच्या जिवाचा सवाल हाय. सळई वाकली न्हाईतर तुटली, तर ह्या पोरीनं वेल्डिंगचा नाद सोडायचा अन् शेड खाली करायचं. मंजूर?" बाप्यांच्या माना हलल्या. असल्या वक्ताला त्यांच्या माना लय हलक्या असतात. बबिता म्हनली, "मंजूर." सुलाबाई, तिची माय, माझ्यामागं बसलेली. तिनं कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिशी बबितानं मला शेडात बोलावलं. हातात पान्याची बादली दिली. "मावशी, नुसती धरा." धरली. "आता झुलवा." झुलवली. "खाली येती तवा हाताला वढ जास्ती बसती का न्हाई?" खरंच बसत व्हती. म्हनली, "तसंच हे. दोघी बाया उभ्यानं पार वर गेल्या की खाली येताना सळईला त्यांचं वजन तिप्पट लागतं. त्या तिपटीची अजून चौपट धरायची."

"अजून चौपट कशाला गं बाई? डोहाळजेवन हाय का सळईचं?"

"लोखंडात खोट असती, माझा हात चुकू शकतो, पाऊस लागून गंज चढतो. अन् बसनारे सांगितलेलं ऐकत न्हाईत. म्हनून चौपट. त्याच्यातबी दोनी सळयांमधी वाटून न्हाई धरनार. एक निखळली तर दुसरीनं एकटीनं पेलली पायजे. पन मुळात वजन खरं पायजे, मावशी. तेच चुकलं तर वरचा सगळा हिसाब वाया."

अन् मग ती वही घेऊन घरोघर फिरली. मी बासष्ट सांगितले, रुख्मिणीनं साठ. बाकीच्या बायांनी तर असले आकडे सांगितले, की ऐकनाऱ्याला वाटावं गावात दुष्काळच पडलाय. बबिता गुमान लिहीत गेली. शेवटी वही मिटून म्हनली, "ठीक. तुमी दोघी सगळ्यात जड. एकशे बावीस, फळी अठरा किलोची, झाले एकशे चाळीस. तिप्पट, मग चौपट. तीन सुताची सळई चालंल. उद्याच्याला कापते."

तीन सूत म्हंजे किती, ते तिनं दाखवलं. शाळेतल्या पेन्सिलीहून जराशी जाड. ती सळई बघितली अन् मला माझे बासष्ट आठवले.

त्या दिशी जेवन ग्वाड लागलं न्हाई. झोका तुटला तर मी पडनार, हे तर झालंच. पन पडायचं मला भ्या न्हाई, माझ्या अंगाला चांगली गादी हाय. पन ती सळई तुटली तर पोरीचं शेड जानार, अन् ते माझ्या खोटेपनानं जानार. खरं सांगावं तर रुख्मिणी जल्मभर चिडवनार. अठरा वर्सं आमची चढाओढ चाललीय, मी म्हनते ती जाड, ती म्हनते मी. आजवर निकाल लागला नव्हता, तेच बरं व्हतं.

पयले मला तरी कळू दे म्हनून भर दुपारी, गाव आडवं झालं तवा, मी बन्सीधरच्या आडतीवर गेले. सोयाबीनची पोती मोजायचा त्याचा थोरला काटा पोत्यांच्या थप्पीमागं असतो. थप्पीला वळसा घातला, तर काट्यावर रुख्मिणी उभी! चपला काढून, बांगड्याबी काढून हातात घेतलेल्या. समोर लाल आकडे लखलखायलेले. एक्यान्नव.

तिनं बांगड्या पदरात लपवल्या.

"कुंकवाची डबी घ्यायला आले व्हते," ती म्हनली.

"आडतीवर?"

मला एवढा आनंद झाला म्हनून सांगू, वाटलं गावात साखर वाटावी. म्हनलं, "उतर खाली, साठ किलोच्या." अन् तोऱ्यात मी चढले. चौऱ्यान्नव. काटा खोटा असंल म्हनून उतरून पुन्हा चढले. चौऱ्यान्नवच. रुख्मिणी पोत्यावर बसून पदर तोंडात कोंबून हसायली, पार डोळ्यांतून पानी. बन्सीधर दाराशी पाठ करून उभा व्हता, त्याचे खांदे हलायले व्हते. मेल्याला काय झालं तवा कळलं न्हाई.

हसू ओसरल्यावर रुख्मिणीनं डोळे पुसले. "अक्का, पोरीचं शेड जाईल वो."

"तेच की."

"जायचं का मग? सांगायचं?"

"जायचं. पन गावात ह्यो आकडा फुटला तर तुझं नाव घेईन."

दोघी शेडात गेलो. बबिता चष्मा लावून काई घासत व्हती. आमी दोघींनी माना खाली घालून, चोरी पकडल्यावानी, खरे आकडे सांगितले. तिनं चष्मा वर केला. तोंडावरची रेषबी हलली न्हाई. "म्हंजे एकशे पंच्याऐंशी व्हय? अन् फळी. मग तीन सूत न्हाई चालनार."

"न्हाई ना! म्हनून तर आलो. आता काय करायचं गं?"

ती उठली, कोपऱ्यातली ताडपत्री वढली. खाली सळया तयार. करंगळीएवढ्या जाड, दोनी टोकांना गोल बंद कड्या, जोड असा पक्का की नख शिरू न्हाई. "चार सूत. आठ दिस झाले कापून."

मला काई समजंना. मग ती सांगायली. आठ दिसांमागं फळीची रुंदी बघायची म्हनून तिनं गावच्या सव्वीस बायांना दोघी-दोघींनी फळीवर उभं केलं व्हतं. फळी आडतीतच ठिवलेली, खाली पोत्यानं झाकून. त्या पोत्याखाली बन्सीधरचा काटा व्हता. अन् आकडे लिहायला बन्सीधर.

"अगं नकटे!" म्या म्हनलं. "मग वही घेऊन घरोघर कशाला फिरलीस?"

"बघायचं व्हतं, तीन सुताची सळई दाखवल्यावर खरं सांगायला कोन येतंय. गावातून तुमी दोघीच आल्या, मावशी." असं म्हनून तिनं आमाला चहा पाजला. मला राग धरायचा व्हता, पन चहा लय झकास व्हता.

पंचमीच्या दिशी अख्खं गाव मैदानात. कमान पिवळ्या रंगानं रंगवलेली, फळीला झेंडूची माळ. अन् सळया एवढ्या बारीक दिसायल्या की बाप्ये लांबूनच हसायले. परमेश्वर तर जागा मोजायचा टेपच घेऊन आला व्हता, शेडाची लांबी-रुंदी मोजून झाली व्हती लेकाची. आबासाहेब म्हनले, "करंगळीएवढी सळई! माझ्या झोपाळ्याची अंगठ्याएवढी असून गेली. बाया चढायच्या आधी बाप्यांनी बघितलेलं बरं." अन् सोता चढले. सोबत आपल्या बैठकीतले चार गडी घेतले, एकाहून एक पोसलेले. फळीवर पाच बाप्ये!

म्या बबिताकडं बघितलं. तिचं तोंड उतरलेलं. दोघी बायांचा हिसाब, अन् वर पाच बाप्ये. "बबे, थांबीव त्यांला," म्या म्हनलं. ती वठ हलवत बोटं मोजायली. सुलाबाई रस्त्याच्या कडंला उभी व्हती, तिनं डोळे मिटून घेतलेले. मग बबितानं मान वर केली, रंग परत आला. "बसू द्या, मावशी. बाप्ये जड हायत, पन वर जायला भ्येतात. तिप्पट लागनारच न्हाई." अन् पुढं व्हऊन म्हनली, "आबासाहेब, घट्ट धरा." अन् फळीला असा हिसडा दिला की पाचीजन एका आवाजात वरडले.

झोका गेला, आला. पुन्हा गेला. आबासाहेब गडी लोकांला म्हनायले, "जोर लावा, जोर!" मोडायचंच व्हतं ना त्यांला. पाचीजनांनी खाली येताना बूड आपटलं.

टर्रर्र!

परमेश्वरनं टेप उघडला. बबिता वर सळयांकडं बघती, मी बघते, सगळं गाव बघतंय, सळई हाय तशी सरळ, कडी हाय तशी गोल. मग एक गडी खाली बघून हसायला लागला. आबासाहेबांचा पायजमा मागून पार कमरेपस्तोर फाटला व्हता.

"थांबवा!" आबासाहेब वरडले. पन झोका काय बैलगाडी हाय व्हय, थांब म्हनलं की थांबायला? चार-पाच हेलकावे त्यांला तसंच जावं लागलं, एक हात सळईला, एक हात मागं. पोरीबाळी हसून हसून लोळायल्या. खाली उतरल्यावर कुनीतरी टावेल दिला, तो गुंडाळून उभे राहिले. रुख्मिणीनं आवाज लावला, "आबासाहेब, सळई वाकली का?" गाव ऐकायलं व्हतं. त्यांनी घसा खाकरला. "न्हाई." "तुटली का?" "न्हाई म्हनलं ना!" "मग शेडाचं?" आबासाहेब परमेश्वरवर खेकसले, "ठेव तो टेप खिशात!" अन् टावेल सावरत निघाले. शेड राहिलं. मला एवढं बरं वाटलं की म्या रुख्मिणीला भर मैदानात मिठी मारली.

मग आमचा झोका. रुख्मिणी अन् मी समोरासमोर उभ्या राहिलो, गुडघे मोडले, अन् दोन वर्सांचा सगळा जोर काढला. खालून बाया गानी म्हनायल्या. पन रुख्मिणीला चक्कर आली, ती उतरून मातीत बसली. माझ्यासमोरची जागा रिकामी झाली. बबिता खाली कड्या चाचपून बघत व्हती.

"चढ गं," म्या म्हनलं.

"न्हाई मावशी."

"काऊन? आपल्याच लोखंडाला भ्येतीस व्हय?"

ती हसली. "माझं वजन हिसाबात धरलं न्हाई."

"सव्वीस जनींचं चोरून घेतलंस, अन् सोताचं न्हाई?"

"ज्या बसनार त्यांचंच घेतलं की."

हसत बोलली ती, अन् तेच मला झोंबलं. सवयीनं माझ्या तोंडातून आलं, "तसं न्हाई गं. तुमी लोक पंचीम करत न्हाई म्हनून..." हे आमी लिंबाखाली दर साली म्हनायचो. सुलाबाई रोजगारावरून येताना रस्त्यावर जराशी थांबायची, झोका बघायची, अन् विहाराकडं निघून जायची. आमी म्हनायचो, त्यांच्यात न्हाई पंचीम. म्हनलं की झालं. पुन्हा गानी.

"नाग आमी पुजत न्हाई, ते खरं हाय," बबिता म्हनली. "झोक्याचं मातर कुनी इचारलंच न्हाई, मावशी."

मला लाज वाटली. चौऱ्यान्नवाचा आकडा बघून वाटली नव्हती, एवढी वाटली. दोन-तीन बायांनी तोंडं फिरवली. फिरवू द्या, त्यांनी वजनंबी खोटीच सांगितली व्हती. म्या वाकून हात पुढं केला.

"मी इचारते. येतीस?"

तिनं रस्त्याकडं, मायकडं बघितलं. मग हात फडक्याला पुसले, चपला काढल्या अन् माझा हात धरून फळीवर चढली. पयल्या हेलकाव्याला तिनं सळईकडंच बघितलं, सवय जात न्हाई ना. दुसऱ्याला माझ्याकडं बघितलं. तिसऱ्याला आमी दोघींनी गुडघे मोडून असा जोर लावला की कमानीची पताका पायाला लागली.

आमच्या मैदानात सुलाबाईचा आवाज म्या तोवर ऐकला नव्हता. रस्त्याच्या कडंवरनं ती जिवाच्या आकांतानं वरडली, "बबे, अजून वर!"